बाबांच्या रायफलीचा डावा नेम

तोइवोला, मिशिगन
२८ ऑक्टोबर १९९८

तीर्थरूप आउनेताईस,

धाकट्या रेइनोचा गुडघे टेकून नमस्कार. (गुडघे खरोखरच टेकलेत. उठायला लेम्पीला, तुझ्या भावजयीला, हाक मारावी लागेल.) तुझी सांधेदुखी कशी आहे? हार्वेभाऊजींची नवी कवळी बसली का, की अजून खिशातच असते? इकडे आम्ही सगळे खुशाल. फक्त बाबांची रायफल मोडली.

झालं असं, की मागल्या शनिवारी सॉनाची वाफेची न्हाणी तापेपर्यंत रायफल पुसून घ्यावी म्हणून मी ती अंगणात आणली. पुसली, तेल दिलं, आणि गाडीच्या मागच्या चाकाला टेकवून फडकं धुवायला गेलो. (चाकालाच का, हे विचारू नकोस. लेम्पीने सात वेळा विचारून झालंय.) तेवढ्यात लेम्पीला दुधाची आठवण झाली आणि तिने गाडी मागे घेतली. कडाड्! लाकडी दस्ता मानेपाशी दुभंगला. मी ओरडलो, "अगं, बाबांची रायफल!" तर खिडकीतून डोकं काढून म्हणते, "मग बाबांनी ती तुला चाकाखाली ठेवायला दिली होती का?" यावर काही उत्तर सुचलं तर कळव.

शिकार सुरू होते पंधरा नोव्हेंबरला. तेव्हा रायफल दुरुस्त करायची की नाही, यावर घरात रोज खल. शेजारचा एस्को कॉफी पिता पिता म्हणाला, "फेकून दे रे! फिनलंडच्या सैन्याने जिला मोडीत काढलं तिची कसली पूजा करतोस? तीस वर्षांत तुझ्या बाबांनी तिने मारलं काय, तर एक झाड!" हे साफ खोटं आहे. दोन झाडं, आणि एक दुधाचा कॅन. बाबा रानातून रिकाम्या हाताने यायचे, "सरोवरावरून वारा फार सुटला होता," म्हणायचे आणि आपण माना डोलवायचो. ते गेल्यापासून आठ वर्षं मीही तोच वारा सांगतोय. (घरात हरणाचं मांस असतं ते लेम्पीच्या बंदुकीचं. एवढा कंस भाऊजींना वाचून दाखवू नकोस.)

शेवटी दोन्ही तुकडे घोंगडीत गुंडाळून ओर्वोक्कीबाईंकडे नेले. बाई चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करतायत आणि गिऱ्हाइकाला शाळेतल्या पोरासारखं वागवतात. म्हणाल्या, "लाकूड सांधता येईल. पण हा खुंटा कुणी हलवला?" नळीच्या टोकावर नेम धरायचा छोटा खुंटा असतो ना, तो कुणीतरी हातोडीने ठोकून उजवीकडे सरकवलेला! म्हणजे नेम हरणावर धरला, की गोळी जाणार डावीकडच्या झाडात. ताई, मला तर नाचावंसं वाटलं. आपलं घराणं आंधळं नाही!

"नाचू नका," बाई म्हणाल्या, "खुंटा परत हलू नये म्हणून मुळाशी काहीतरी लावलंय." त्यांनी भिंग दिलं. पाहतो तर लाल नेलपॉलिश.

आता तूच सांग. एकसष्ट साली ही रायफल आपल्या घरात आली, तेव्हा आईकडे नेलपॉलिश नव्हतं. मी अकरा वर्षांचा, माझ्याकडेही नव्हतं. एक सोळा वर्षांची मुलगी मात्र होती. ती लाल बाटली चाऱ्याच्या कोठीत लपवायची आणि कुंपणाशी येणाऱ्या हरणांना सफरचंदं चारायची. मी तिथेच स्टुलावर बसून इतका हसलो, की बाईंनी पाणी आणून दिलं.

दस्ता सांधायला टाकलाय. "खुंटा सरळ करू का?" असं त्यांनी विचारलं. मी दोन दिवस मागून घेतलेत.

तुझा नेमबाज भाऊ,
रेइनो

ता. क. लेम्पी म्हणते, "सरळ खुशाल कर. पण मग हरीण सोलायचंही तूच." माझं मन निम्मं तिथेच ठरलं.

ता. क. दुसरा. पत्र बंद करणार तोच बाईंचा फोन आला. पुसताना त्यांना दिसलं, की टवका उडून लाल दिसलं त्याच्या भोवती, तेलकट मळाखाली, लालवर हिरव्या रंगाचा एक थर आहे, बारीक कुंचल्याने जपून दिलेला. चौऱ्याहत्तर साली बाबांनी होडी रंगवली, तोच हिरवा. म्हणजे त्यांना कळलं होतं, ताई. आणि त्यांनी खुंटा सरळ केला नाही, उलट पक्का केला. वर आणखी सोळा वर्षं आपल्याला वारा सांगत राहिले. मी फोनवर त्यांना बाबांच्या वाऱ्याचं सांगायला लागलो. बाई म्हणाल्या, "समजलं. तसाच ठेवते."

ता. क. तिसरा. मुद्द्याचं राहिलंच. गाडीच्या धक्क्याने दोन्ही थर टवकलेत आणि खुंटा हलायला लागलाय. होडीचा रंग डब्यातच वाळून दगड झालाय. तेव्हा लाल नेलपॉलिशची एक बाटली घे आणि पंधरा तारखेच्या आत ये. टपालाने पाठवू नकोस. बाबांच्या नाकाखाली हातोडी चालवलीस कशी, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.