कोरी बोटं

माघ शुद्ध ३, मंगळवार

— आणि त्या सकाळी मी कुठंच गेले नव्हते. उठले, शेण काढलं, सडा टाकला, म्हैस पिळली. नदीवरून दोन पाट्या माती आणली, तिच्यात लीद आणि भुसा घालून पायानं तुडवली. तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस होता तो. मागच्या ओसरीत नवी चूल घालत होते. हे जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते आणि धाकट्या दिरानं, रेवणप्पानं, आदल्या दिवशीच सांगितलं होतं — वहिनी, आता तुमची चूल वेगळी. दिवस मावळेपर्यंत कोपरापर्यंत चिखलात होते. रडले तेही चिखलाच्या हातानं.

आणि आज पटवारी म्हणतो, त्याच दिवशी मी तालुक्याला जाऊन कागदावर आंगठा दिला! नदीकडचं चिंचेचं रान रेवणप्पाला खुशीनं सोडून दिलं!

कागद त्यानं हातभर लांबून दाखवला. उर्दूत. मला येतं ते बाळबोध, तेही माझं मीच जमवलेलं. उर्दूपुढं मी आंधळीच. शेजारच्या ताहेराबीचे मालक मुनवरमियाँ संगं आले होते, त्यांनी वाचून सांगितलं. दै महिना, म्हणजे आपला कार्तिक, फसली सन तेराशे त्रेपन्न. दोन वर्षांवर होऊन गेलं की, आणि कागद आता बाहेर निघतोय! खाली आंगठा होता. तो मला कुणी वाचून दाखवायला नको होता.

रेषा होत्या त्याला. गोल गोल, पाण्यात खडा टाकल्यासारख्या. मधून एक पांढरी फट, आडवी.

घरी कशी आले ते आठवत नाही.

शुद्ध ४, बुधवार

काल पुढं लिहवलं नाही. आज लिहिते. आजवर या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

माझ्या बोटांना रेषा नाहीत. दहाही बोटं कोरी, जन्मापासून. तळहातावर चार रेघा आहेत, पण बोटांची टोकं नदीतल्या गोट्यासारखी. शाईत बुडवून टेकवली तर नुसता डाग पडतो. पितळी तांब्या हातातून निसटतो. आईचीही तशीच होती. ती सांगायची, सटवाई लिहायला बसली आणि तिची दौत लवंडली. हसत सांगायची, पण चारचौघांत बोटं पदराखालीच ठेवायची. मावशीची बोटं तिच्या सासूनं लग्नानंतर सहाव्या महिन्यात बघितली. मावशी परत आली ती आमच्या ओसरीवरच म्हातारी झाली. मी सासरी निघाले तेव्हा आईनं कानात एवढंच सांगितलं — कुणाला दाखवू नको.

यांना दाखवली. महिनाभरानं. चिमणीजवळ धरून कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आंगठा न्हाय तर न्हाय. सही शिक." शिकवायला त्यांना स्वतःला येत नव्हतं! पंचांगावरून, पुड्यांच्या कागदांवरून मी एकेक अक्षर धरलं. सही आली. मग थांबता येईना.

हरणी झाली तेव्हा मी आधी मुलगा की मुलगी बघितलं नाही. बोटं बघितली.

कोरी.

शुद्ध ८

मुनवरमियाँनी अर्ज लिहून दिला. पेशी, म्हणजे सुनावणी, वद्य सप्तमीला, शनिवारी. ते म्हणाले, "भाभी, घाबरू नका. तिथं तुमचा आंगठा घेतील, कागदावरच्याशी ताडून बघतील. दूध का दूध." त्यांना काय माहीत! मी मान हलवली आणि हात पदरात घेतले.

खरं तर किती सोपं आहे. कचेरीत जायचं, बोट टेकवायचं. डाग बघून आंधळाही सांगेल की तो आंगठा माझा नाही. रान परत. वर्षाची ज्वारी त्याच रानातली. ते गेलं तर हरणी आणि मी दुसऱ्याच्या बांधावर.

पण बोटं टेकवली की तालुक्याला कळणार. आणि आईची बोटं अशी तर लेकीची कशी, हे कुणी विचारल्याशिवाय राहील? हरणीची सुपारी मार्गशीर्षात फुटली. नदीपलीकडचे धोंडप्पा व्याही. माणसं चांगली आहेत. चांगलीच तर होती मावशीची सासूही.

पौर्णिमा

रान की लेक. दिवसभर हेच. भाकरी दोनदा करपली.

वद्य २, सोमवार

रेवणप्पा आला. दारातच उभा राहून बोलला. त्याचं म्हणणं, बाईमाणसानं कचेरीची पायरी चढू नये, दादाचं नाव जाईल. मी म्हणाले, दादाचं नाव तुम्ही कागदावर घालवलंच आहे. तर हसला. "मग द्या की तिथं आंगठा. कोण धरलंय तुमाला?"

याला कळलंय का? नाही — कळलं असतं तर असा कागद केला नसता. मी जाणार नाही एवढ्यावरच त्याची भिस्त.

आत्याबाई, माझ्या सासूबाई, आत जात्यापाशी होत्या. पोटचा लेक दारात आला तरी उठल्या नाहीत. वेगळी चूल झाली तेव्हा त्या माझ्या चुलीकडं आल्या, थोरल्या लेकाच्या विधवेकडं. गावानं नावं ठेवली. दोन वर्षं माझ्या हातचं खातात. त्यांच्यापासूनही बोटं लपवलीत मी. लग्न झाल्यापासून!

वद्य ४, बुधवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

दुपारी आत्याबाई तूर निवडत होत्या. मी समोर बसले होते. सूप माझ्याकडं सरकवताना त्यांचा डावा आंगठा वर आला. आडवा वण. विळ्यानं कापलेला, मी सासरी यायच्या आधीचा. रोज बघते. रोज त्या हाताला तेल चोळते.

पांढरी फट!

तूर सांडली. त्या म्हणाल्या, काय झालं ग? मी म्हणाले, मुंगी चावली.

त्यांचा आंगठा. माझ्या नावावर. माझ्या चुलीशी बसून, माझी भाकर खाऊन!

रात्रीचं जेवण हरणीनं वाढलं. माझ्याच्यानं त्यांच्या ताटात वाढवेना.

वद्य ५

आत्याबाई चुलीपुढं बसून चुलीवरून हात फिरवत होत्या.

वद्य ६, शुक्रवार

आज जुम्मा, कचेरी बंद. उद्या पेशी.

सकाळी हरणी पाण्याला गेली आणि मी विचारलंच. सरळ. आत्याबाई, त्या कागदावर तुमचा आंगठा आहे का?

"हाय," म्हणाल्या. जसं कुणी विचारावं, दळण झालं का.

मला वाटलं त्या रडतील, पोराची बाजू घेतील, आणाभाका घेतील. मी तयारी करून बसले होते. त्यांनी पाणी मागितलं. दिलं. पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "तुझी चूल बघ कोंडे. माज्या चुलीवर समद्या बोटांची नक्षी उठायची. तुज्या चुलीवर काय हाय? काचेवानी हाय. नवी नवरी हुतीस तवा पैली चूल घातलीस, तवाच म्या बघितलं."

सासरी आल्यापासून! मी तांब्या पदरानं धरत होते, दळताना मूठ मिटत होते. आणि त्यांना पहिल्या चुलीपासून माहीत! गावातल्या बायका मला चूल घालायला बोलवायच्या, कोंडाबाईचा हात लई साफ म्हणायच्या. आणि या ओसरीवर बसून ऐकायच्या. एक अक्षर नाही बोलल्या. ना दुसऱ्या सुनेजवळ, ना लेकाजवळ.

मग सगळं सांगितलं, तुकड्या तुकड्यानं. त्या दिवशी रेवणप्पानं त्यांना देवदर्शन म्हणून गाडीत घातलं आणि कचेरीपुढं उतरवलं. तोंडावर पदर ओढायला लावून कोंडाबाई म्हणून उभं केलं. कागद पुढं केल्यावर त्यांना कळलं. नाही म्हणाल्या असत्या तर त्यानं दुसऱ्या कुणाला तरी उभं केलं असतं, आणि ती बाई उद्या गावली नसती.

"मग इचार केला, आपलाच टेकवावा. आंगठा माजा, म्या जित्ती हाय. आन् तुजी बोटं कोरी. ह्यो कागद कवाबी फाटंल. त्येला म्हाईत न्हाय, मला म्हाईत हाय."

मी म्हणाले, तुम्हाला धरतील आत्याबाई.

"धरू दे की. तुरुंगात भाकर देत्यात म्हनं. तुज्या चुलीची नसंल, येवढंच."

त्यावर हसू आलं आम्हा दोघींना. मग मात्र मला रडू आवरेना. हे गेल्यापासून इतकं रडले नव्हते. त्यांनी माझी बोटं हातात घेतली, उघडी, आणि एकेक चोळत बसल्या. यांच्यानंतर माझी बोटं कुणी धरली नव्हती.

मी हरणीचं बोलले. सुपारी, धोंडप्पा, मावशी. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुज्या आईनं लपीवलं. तू लपीवलंस. हरणी लपीवंल. म्या बी तेच केलं, गप ऱ्हायले. काय घावलं? येकेकीनं आपापल्या पदरात हात कोंडला."

हरणी दारात उभी होती. घागर कडेवर. किती वेळ उभी होती कोण जाणे.

वद्य ८, रविवार

काल पहाटे गाडी जुंपली. आत्याबाई, हरणी आणि मी. नदी उतरल्यावर गाडी आधी धोंडप्पांच्या दारात थांबवली. मी त्यांच्या बायकोला बाहेर बोलावलं आणि हरणीचे दोन्ही हात उघडून त्यांच्या हातात दिले. म्हणाले, बाई, नीट बघा, माझीही अशीच आहेत, हिच्या लेकरांचीही असतील. त्यांनी हात धरून ठेवले की सोडले, ते बघायला थांबले नाही. हरणीच म्हणाली, आई, मी इथं थांबते, तू जा. पुढं आत्याबाईंना घेऊन कचेरीत गेले आणि सगळ्यांसमोर दहाही बोटं टेकवली.