बंद खिडकी आणि विमानाचं चित्र

मंगळवार, संध्याकाळ

ती एक खिडकी उघडली असती तर काय बिघडणार होतं?

तिसरीतल्या सानियाने सकाळीच विचारून ठेवलं होतं. "बाई, अब्बा आज कुवेतला चाललेत. शाळेवरून जाताना हॉर्न देणार हायेत. खिडकीत उभी राहू?" मी हो म्हटलं. मग केंद्रप्रमुख आले, संगणकावरचा पाठ बघायचाय म्हणाले. उजेडात पडद्यावर काही दिसेना, म्हणून मीच खिडक्या लावल्या. पाठ होता 'वाहतुकीची साधने'.

हॉर्न वाजला. थांबून पुन्हा वाजला. मला नीट ऐकू आला होता, उगाच नाही कशाला म्हणू? सानिया उठली. मी म्हटलं, "खाली बस. इकडे बघ." साहेबांसमोर वर्ग शिस्तीत दिसावा, एवढंच डोक्यात. ती बसली. रडलीसुद्धा नाही. रडली असती तर...

शेवटी पडद्यावर प्रश्न आला, दूरच्या देशात लवकर कशाने जाल? मी तिलाच पुढे बोलावलं. का, देव जाणे. तिने विमानावर क्लिक केलं. संगणकातून टाळ्या वाजल्या, "शाब्बास!" साहेबही खूश.

टाळ्या थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "बाई, आता उघडू खिडकी?"