जिन्याचे दहा सेंटिमीटर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा लोखंडी जिने बनवणे, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाखाली न येता आणि कोणत्याही कार्यालयाची परवानगी न मागता माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे लावून ठेवत आहे. शुद्धीत असल्याबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माणूस शुद्धीवर आहे हे सांगायलाही दाखला लागतो, यावरून ज्याने त्याने काय ते समजावे. माझा हात थरथरतो, म्हणून शेजारच्या काकूंच्या घरी बसून मी तोंडी सांगत आहे आणि त्या टाइप करत आहेत. त्या निवृत्त टंकलेखिका आहेत. मी रागाच्या भरात जे बोलतो त्यातले निम्मे त्या गाळतात, हे मला ठाऊक आहे. सह्या मात्र माझ्या घरी व्हायच्या आहेत.

१. नऊ वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करत आहे. त्यात सगळे काही थोरल्या मुलाला दिले होते आणि धाकटीच्या नावासमोर "एक खिळाही नाही" असे लिहिले होते. ते रागात लिहिले होते. हेही रागातच लिहीत आहे, पण राग आता दुसऱ्या माणसावर आहे.

२. बँकेत जे काही आहे ते माझ्या पत्नीचे. तिने ते कसे खर्चावे, यावर मी पहिल्या मसुद्यात सात अटी घातल्या होत्या. थोरल्याच्या कारखान्यावर सहा आणि पुस्तकांच्या कपाटावर चार वेगळ्या. माझे बुद्धिबळातले प्रतिस्पर्धी फाईलराव, ज्यांनी नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात जन्म काढला, ते मसुदा वाचून चष्मा पुसत म्हणाले, "अहो, एवढ्या अटी तर आमच्या खात्यातसुद्धा नव्हत्या. मेल्यावर राज्य करायचा विचार दिसतोय!" मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी सगळ्या अटी खोडल्या. जन्मभर सरकारला सांगत आलो की लोकांना त्यांचे त्यांना ठरवू द्या, आणि स्वतःच्या बायकोला मात्र मरणानंतर नियमावली!

३. तळमजल्यावरचा कारखाना, दोन्ही वेल्डिंग मशिन, कटर आणि शिकंजे थोरल्याचे. त्याबद्दल एक तक्रार नोंदवून ठेवतो. तो जिने बनवणाऱ्यांच्या संघटनेचा चिटणीस झाला आहे आणि मोठ्या कंपन्यांच्या तयार जिन्यांवर सरकारने बंदी घालावी, म्हणून निवेदने देत फिरतो. मी त्याला म्हटले, "तुझा जिना चांगला असेल तर गिऱ्हाईक येईल. नसेल तर सरकारच्या पाठीमागे लपून किती दिवस विकशील?" तो म्हणाला, "बाबा, तुमचा काळ वेगळा होता." माझ्या काळात वेल्डिंगसाठी परवाना काढा म्हणून फर्मान आले होते. परीक्षा घ्यायला जो साहेब आला, त्याने काळी काच डोळ्यांपुढे न धरता ठिणगीकडे पाहिले आणि दोन दिवस डोळे चोळत बसला. मला नापास करून गेला. काळ काही वेगळा नव्हता. तरीही कारखाना त्याचाच, बिनशर्त.

४. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला मी पेन्शन कचेरीच्या खिडकीपाशी जात आलो. समोर उभा असलेला माणूस जिवंत आहे, यावर त्यांचा कागदाशिवाय कधी विश्वास बसला नाही. मी गेल्याचे त्यांना कोणी कळवायला जाऊ नये. त्यांना करू द्या शोध.

५. माझी मते कोणाच्या वाट्याला घालता येत नाहीत, म्हणून इथे नुसती नोंदवतो. दुकानाची पाटी किती फूट असावी, हे सरकारने सांगू नये. अंगणातले स्वतः लावलेले झाड तोडायला तीन सह्या लागू नयेत. गल्लीच्या तोंडाशी कॅमेरा बसवून "तुमच्याच सुरक्षेसाठी" असे लिहू नये. माझ्या सुरक्षेबद्दल निदान मला विचारावे तरी. म्हातारपणासाठी जबरदस्तीने कापून घेतलेले पैसे म्हातारपणीच अर्ज करून मागावे लागू नयेत. ज्याने दुसऱ्याच्या वाटेत पाय घातला नाही, त्याला त्याच्या घरात सुखाने राहू द्यावे. फाईलराव यावर म्हणतात, "आणि प्रत्येकाने आपापल्या मापाने मोजलं तर गल्ली उरेल का?" मी उत्तर देत असे, "टेपवरच्या खुणा सगळीकडे सारख्या असाव्यात, एवढंच सरकार मला चालतं." हे वाक्य मी फार ऐटीत म्हणायचो. त्याबद्दल पुढच्या कलमात.

६. जिना. कारखान्याच्या वरच्या दोन खोल्यांना बाहेरून जाणारा लोखंडी जिना मी स्वतः बांधला, तोही परवानगी न काढता. माझी भिंत, माझे अंगण, माझे लोखंड, परवानगी कसली? महिन्याभरात बांधकाम खात्याची नोटीस आली. जिन्याची शेवटची पायरी हद्दीबाहेर गल्लीत दहा सेंटिमीटर आली आहे, ती काढावी. खाली सही धाकटीची. माझ्या धाकट्या मुलीची. ती त्याच खात्यात निरीक्षक आहे, हे इथे सांगावे लागते, कारण नऊ वर्षे मी ते कोणाला सांगितलेले नाही.

मोजायला आणि नोटीस हातात द्यायला ती स्वतःच आली होती. मी म्हटले, "सगळं गाव ओळखीवर बांधकामं करतं आणि माझी पोटची पोर मला नोटीस देते?"

ती म्हणाली, "बाबा, ओळखीवर कामं होतात म्हणून तुम्हीच आयुष्यभर ओरडत आलात ना?"

"ते साहेब लोकांबद्दल!"

"मग मी कोण आहे?"

मग तिने समोरच्या विजेच्या खांबाकडे बोट केले. पायरी आणि तो खांब यांच्यामधून शेजारच्या काकूंची चाकाची खुर्ची जात नव्हती. "ही जागा सरकारची म्हणून मी आले नाही," ती म्हणाली. "ती काकूंची वाट आहे." मी म्हटले, खांब सरकारने लावला आहे, आधी तो हलवा. वर हेही म्हटले, "पुन्हा या जिन्यावर पाऊल ठेवायचं नाही." ती टेप गुंडाळून निघून गेली.

त्यानंतर मी अपील केले, त्यावर अपील केले, आणि प्रत्येक अर्जात लिहिले की खात्याचे मोजमाप चुकीचे असून सत्तेचा माज आहे. नऊ वर्षे काकू मागच्या बोळातून, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून बाजारात जात आल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. हे टाइप करताना त्या थांबल्या आहेत. मी म्हटले, "लिहा, लिहा." त्या म्हणाल्या, "लिहिते हो. जरा चष्मा नीट करू द्या."

७. आता चूक. आमच्या धंद्यात टेपच्या टोकाचा पत्र्याचा आकडा घासून सैल होतो, आणि तिथून मोजले तर माप फसवते. म्हणून आम्ही दहाच्या खुणेपासून मोजतो आणि आलेल्या मापातून दहा वजा करतो. कारखान्यात मी दिवसातून वीसदा ओरडायचो, "दहा सोडले का?" घरात हे इतके मुरले होते की पत्नी भाजीवाल्याने तराजू उचलला तरी मला डोळ्यांनी तेच विचारायची. दोन्ही मुलांना टेप धरायला मीच शिकवले. धाकटीचा हात थोरल्यापेक्षा साफ होता. ती हा धंदा करील असे मला वाटत होते. ती सरकारात गेली, याचाही राग होताच, तोही इथेच सांगून टाकतो.

गेल्या महिन्यात पत्नीचा गुडघा दुखू लागला, म्हणून जिन्याला आतल्या बाजूने दुसरा कठडा करायला घेतला. भिंतीपासून हद्दीपर्यंत मोजले, तीनशे चाळीस. पाईप कापला, लावला, तर बाहेर आला. पुन्हा मोजू लागलो. पत्नी वरच्या पायरीवर बसली होती. ती सहज म्हणाली, "अहो, दहा सोडले का?"

मी आलेल्या मापातून दहा वजा केले. अंगण तीनशे तीसच होते. नऊ वर्षांपूर्वी जिना बांधतानाही मी तीनशे चाळीसच धरले होते, कारण तेव्हाही दहा सोडायचे राहिले होते. खिळ्याला अडकवलेली नोटीस काढून वाचली. दहा सेंटिमीटर. नऊ नाही, अकरा नाही. धाकटीने त्या दिवशी पायरीवर टेप लावताच तिला कळले असणार की तिचा बाप कुठे चुकला. चाळीस वर्षे जिने बांधणाऱ्याने गल्लीतल्या माणसांसमोर खाली मान घालावी, हे तिला नको होते. तिने फक्त आकडा लिहिला. चूक कोणाची आणि कशी, ते लिहिले नाही. आणि मी त्याला सत्तेचा माज म्हणालो.

मला सरकार नको होते ते एवढ्यासाठी की ते माणसामाणसांत भेद करते. एका माणसाने भेद केला नाही, तर मी तिला घराबाहेर काढले.

८. सबब माझे अपील मी आज मागे घेत आहे. खात्याने याला आपला विजय समजू नये. झाडाच्या तीन सह्यांबद्दल माझे म्हणणे कायम आहे. खांबाबद्दलही.

९. राहते घर पत्नीच्या हयातीत पत्नीचे. तिच्यामागे वरच्या दोन खोल्या आणि जिना धाकटीचा. थोरल्याला हे आधीच सांगितले आहे. तो म्हणाला, "तिचंच बरोबर आहे असं मला तेव्हाच वाटलं होतं बाबा, पण तुमच्यापुढे बोलणार कोण?" म्हणजे माझ्या घरात मीच सरकार होतो, ते मला कळले. कॅमेऱ्याची गरज नव्हती.

१०. माझा टेप धाकटीला. टोकाचा आकडा सैल आहे. तिला सांगायला नकोच.

११. आयुष्यात मी एकच बंदी घातली, धाकटीने या जिन्यावर पाऊल न ठेवण्याची. सरकारच्या हजार बंद्या लोक रोज मोडतात. ही एक मात्र तिने नऊ वर्षे पाळली. आई आजारी असताना ती मागच्या बाजूला खिडकीखाली उभी राहून विचारपूस करून गेली, पण पायरी चढली नाही. ती बंदी मी रद्द करत आहे. बाकीची कलमे माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. हे कलम आज दुपारपासून लागू आहे. याची एक प्रत तिच्या कार्यालयात न पाठवता तिच्या घरी पाठवावी. खात्याला मोजमाप पुन्हा करायचे असेल तर निरीक्षक म्हणून तिनेच यावे. नसेल करायचे, तर मुलगी म्हणून यावे. परवानगी लागत नाही.

१२. शेवटच्या दोन पायऱ्या काल मी कापायला घेतल्या. हात थरथरतो म्हणून कटर थोरल्याने धरला आणि खुणा मी केल्या. पायऱ्या आता बाजूला वळवून बसवल्या आहेत. दहा सोडले.

सही: ________ (वाकडी आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार १: फाईलराव, निवृत्त लिपिक, बांधकाम खाते. मजकूर वाचला. कलम ५ शी असहमत. सही समक्ष झाली.

साक्षीदार २: शेजारच्या काकू, निवृत्त टंकलेखिका. सही समक्ष झाली. सही करण्यासाठी चाकाच्या खुर्चीतून समोरच्या गल्लीने आले.

ठिकाण: जिन्याच्या पायथ्याशी, हद्दीच्या आत.
दिनांक: नऊ मार्च, दुपारी साडेचार.