सुमीच्या हातचा डबा

रहिमतपूर, आश्विन शुद्ध तृतीया, शके १८६७

आज सुमी हादग्यात बसली. सहा वर्षांची लेक माझी, हातपाय ताठ. मुली खेळात घेतील का, हेच दिवसभर मनात. तिचे वडील असते तर खुर्ची केली असती. मी वैरणीच्या पाटीत गोधडी कोंबून बसवली. खिरापत ओळखायला डबा वाजवतात, म्हणून तो लुगड्याच्या पट्टीने तिच्या मनगटाला बांधला. हात हिसके देतोच, डबा खणखणला. मुली आतली खिरापत ओळखू लागल्या.

"फुटाणं!"

"शेंगा!"

सुमी डोळे मिटून 'नाही' म्हणे. ती दमली असे वाटून मीच सांगू लागले, तर शेजारची चंद्री ओरडली, "आवं काकी, गप बसा की! खिरापत तिची हाय, तुमची न्हाई."

पट्टी घट्ट तर नव्हती ना? बोट सरकवून पाहिले. नव्हती. मी आत गेले. बाहेर डबा वाजतच होता.