‘थकली होती’ हे शब्द वगळण्याबाबत

मी, कौतिक वना पाटील, वय ७३, निवृत्त शिक्षक, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचे दडपण नाही. माझ्यावर दडपण आणून कोणाचे काम झाल्याचे मला आठवत नाही. शुक्रवारी माझ्या घशाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, जिवाला धोका कमी, आवाजाला जास्त. चाळीस वर्षे गावोगाव अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्यावर भाषणे करणाऱ्याला त्यात फार फरक दिसत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. देवपूरचे घर व बँकेतील ठेवी पत्नी यशोदाबाई यांना. त्यांच्या हयातीत मुलगा प्रेमराज याने घर विकण्याची भाषा काढू नये.

२. माइक, अॅम्प्लिफायर आणि भोंगा भुसावळचे रुपचंद यांना. रेल्वे कॉलनीतल्या सभेत त्यांनीच माझा माइक बंद केला होता. "अमेरिका सोडा भाऊ, भुसावळचं बोला!" मी भुसावळचेच बोलत होतो. सत्तावीस वर्षे मी हे विसरलो नाही. आता माइक त्यांचा. चालू कसा ठेवतात ते शिकावे.

३. पुस्तकांची दोन कपाटे आणि मी कापडावर रंगवलेला अलाबामा राज्याचा नकाशा माझी विद्यार्थिनी भाविका, शिक्षिका, नशिराबाद, हिला. नकाशा सेल्मा गावच्या पुलापाशी फाटला आहे. मतदानाचा हक्क मागत निघालेल्या काळ्या लोकांवर १९६५ साली त्या पुलावर लाठ्या चालल्या. ते सांगताना मी छडी तिथेच आपटत असे.

४. हे कलम नीट वाचावे. बाकीचे विसरले तरी चालेल. ‘माँटगोमेरीची बस’ या माझ्या पुस्तिकेचे सर्व हक्क भाविकाला, प्रेमराजला नाही. त्याचा धुळ्यात छापखाना आहे. येत्या १ डिसेंबरला त्या घटनेला सत्तर वर्षे होतात, म्हणून शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांसाठी तो पाच हजार प्रती काढायला निघाला आहे, माझ्या चुकीसकट.

घटना अशी. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या काळ्या बाईने बसमधली जागा गोऱ्या उतारूला दिली नाही. तिला अटक झाली. मग तिथल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. मी लिहिले, "दिवसभर शिवणकाम करून ती थकली होती, म्हणून उठली नाही." या वाक्यावर बाया डोळे पुसत.

तीन वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात माझ्या भाषणात, ऐकणाऱ्या बायांमधून बिजलीबाई उभ्या राहिल्या. "ती थकेल व्हती म्हनीसन उठनी नही? आबा, थकेल बाई त लगेच उठी जास. झगडाले जोर लागस!"

सगळे हसले. मीही हसून वेळ मारून नेली. घरी येऊन कपाट उघडले. रोझाबाईंनी स्वतः सांगितले होते की त्या दिवशी अंग दमलेले नव्हते. त्या बारा वर्षे हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या चिटणीस होत्या. आणि त्यांच्या नऊ महिने आधी, त्याच शहरात, पंधरा वर्षांची क्लॉडेट कोल्विन अशीच बसून राहिली होती. सगळ्याखाली माझ्याच पेन्सिलीच्या रेघा! एका कार्यकर्तीला मी बिचारी केले आणि एका मुलीला गिळले. त्यानंतरही तीन वर्षे तेच वाक्य बोललो, कारण टाळ्या तिथेच पडतात.

प्रेमराजला सांगितले. तो म्हणाला, "आबा, पोरं याच वाक्यावर बक्षिसं आणतात. आता बदललं तर लोक म्हणतील, म्हातारा चुकला."

"चुकलाच."

"मग गुपचूप चुकू द्या ना!"

तेव्हापासून मला झोप नाही. चूक माझ्या तोंडून गावोगाव गेली. ती परत बोलवायला तोंड राहील की नाही, ठाऊक नाही. म्हणून: दुरुस्तीशिवाय एकही प्रत बाहेर जाऊ नये. मी वाचलो पण आवाज गेला, तर हाच कागद माझे तोंड समजावा. क्लॉडेटचे पान जोडावे. चूक बिजलीबाईंनी दाखवली, असे पहिल्या पानावर छापावे. नवे वाक्य असे: ~~अन्याय सोसून ती मनातून थकली होती, म्हणून~~ ती उठली नाही.

साक्षीसाठी बिजलीबाईंना मुद्दाम बोलावले. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देणार नाही, म्हणाल्या. चौथ्या कलमाशी त्यांनी मला थांबवले. "आजून थकाडतसच का तिले, आबा?"

मी पेन उचलले.

साक्षीदार:
१. बिजलीबाई मंगा पावरा (डाव्या हाताचा अंगठा)
२. डॉ. ललित प्र. चौधरी, देवपूर (सही)

लिहून ठेवणार: कौतिक वना पाटील (सही)
ठिकाण: देवपूर, धुळे
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

खाडाखोड: कलम ४ मध्ये एक. ती माझीच आहे. शेजारी सही केली आहे.