प्रेरणाच्या मोठ्या शाळंचा जिना

मळवली, मंगळवार

कस्तुरा मावशींना तेजलचं पाया पडनं. गुडघा कसाय? तेल लावताय का नुसती बाटली उशाला ठेवताय? आमी हितं बरे हाव. (शनिवारपतूर न्हवतो, म्हनून तर लिवतीया.)

शुक्रवारी शाळंतनं निरोप आला, प्रेरणा सायन्सात नापास, आईनं येऊन भेटावं.  मी सातवीत शाळा सोडली तवा गुरुजी म्हनले व्हते, हिच्या डोक्यात काय शिरत न्हाई. वाटलं, तेच डोकं पोरीला दिलं का काय. तुमच्याकडं ऱ्हाऊन आठवीपतूर तिला चांगले मार्क पडायचे, पत्र्याची शाळा, दोन वर्गांना एक मास्तर, तरी बी. (मीच म्हनले, लोणावळ्याची शाळा चार मजली हाय, काचा हायत्या, लॅब हाय. तुमी नगं म्हनलात आन मी लय बोलले. ते ऱ्हाऊ द्या.)

शनिवारी गेले. शिपायानं लॅबमदी बसवलं, मॅडम येतील म्हनला. आता आमी बंगले सांभाळनारी मानसं, मालक यायच्या आदी बोट फिरवून धूळ बघायची सवय. त्यात घाबरले की माजे हात रिकामे ऱ्हात न्हाईत. टेबलावर बोट फिरवलं तर ही धूळ. कोपऱ्यात फडकं व्हतं, लागले पुसायला. तेवढ्यात हापिसातली एक बाई डोकावली, म्हनली, बरं झालं आलीस, शेजारची खोली बी घे. मी व्हय म्हनले. (भ्यालेलं मानूस कशाला बी व्हय म्हनतं.) दोन खोल्या झाल्या, मग जिना.

पन पुसता पुसता एक बघितलं. बारीक किडे बघायच्या दुर्बिनी धा, आन धाच्या धा प्लास्टिकात, चिकटपट्टी बी काडल्याली न्हाई. ज्या बंगल्यात सोफ्याचं प्लास्टिक निघत न्हाई तितं मालक ऱ्हात न्हाई, नुसता फोटू काडून जातो. मी काय समजायचं ते समजले.

सायन्सच्या समीक्षा मॅडम जिन्यातच गाठ पडल्या. फडकं हातात घेऊनच म्हनलं, मी प्रेरणाची आई, माजी पोर ढ हाय का? त्या पायरीवर बसल्याच.

"ढ नाही हो, ताई. वर्गात पंच्याहत्तर मुलं. ती मागून हात वर करते, मी तिच्यापर्यंत पोचतच नाही. लॅबचा तास तर यंदा एकदाही झाला नाही."

खरं बोलल्या बिचाऱ्या. शाळंतनं पोरीचं नाव काडनार न्हाईत, पुन्यांदा परीक्षा घेनार हायती. मला रडू आलं, पन हलकं झाल्याचं. तुमच्या गावच्या मास्तरांनी चार लिंबवांत तारा खुपसून बारका दिवा लावला व्हता, तेवढं पोरगी अजून झोपंतनं उठवलं तरी सांगती. तितं पोरं चौदाच, मास्तरला सगळी दिसतात. येताना स्टेशनाबाहेर वडापाव घेतले दोन, एक तिला म्हनून. दोनी मीच खाल्ले.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला जपा.

तुमची तेजल

ता. क. : जूनपासनं धाव्वीला प्रेरणाला परत तुमच्याकडं ठेवाल का? हेच इचारायला पत्र हाय, फोनवर जीभ उचलंना. तवा बोलले ते चुकलं माजं.

आनखी एक : आज शाळंतनं परत निरोप आला. चपला घालतच इचारलं, आता काय केलं पोरीनं? पन प्रेरणाचं काय न्हवतं. जिना लय चकचकीत झाला म्हनं, रोज येशील का? मी व्हय म्हनले. म्हंजी जूनपासनं पोर तुमच्या शाळंत आन मी तिच्या. चार मजले वाया गेले म्हनू नका.