वासितीबाईंना तीन गुण

लेवुका, ३ नोव्हेंबर

चि. लितियास अनेक आशीर्वाद.

पत्राला महिना उशीर झाला, रागावू नकोस. तीनदा लिहून फाडलं. कॉलेजातल्या मुलांनी तुला कमी गुण दिल्याचं वाचलं, तेव्हापासून कसाव्याचा उकडलेला कंदही घशाखाली उतरत नाही. पोरी, वर्गात जरा हसत जा. मुलांसाठी नारळाचे गोड बनपाव ने. लहानपणापासून तुझ्या कपाळाला आठ्याच.

आमच्या संध्याकाळच्या वर्गातही शिक्षकांना गुण द्यायचा असाच कागद वाटला. नाव न घालता पेटीत टाकायचा. दोघांपैकी एकाच शिक्षकाला पुढच्या वर्षी ठेवणार आहेत. जोसेफा सरांना मी पाचपैकी पाच दिले. उशिरा येतात, पण कामाचा माणूस. वासितीबाईंना तीन. शिकवतात बरं, पण हसत नाहीत, आणि माझ्याकडून एकच ओळ अकरा वेळा लिहून घेतली. या वयात!

काळजीत पडलेला तुझा बाप,
आपेनिसा

सुवा, ९ नोव्हेंबर

ती. तातांना सा. न.

तुमचं पत्र एका दमात वाचलं, कुठेही अडले नाही. गेल्या वर्षी तुम्ही नुसती सही पाठवली होती. मग हे लिहायला शिकवलं कोणी? पाचवाल्यांनी की तीनवालीने?

माझी मुलं लिहितात, बाई हसत नाहीत, आवाज शिट्टीसारखा आहे. एकाला माझे झगे आवडत नाहीत. शेजारचे सेमी सर निम्मे तास विसरतात, तर ते म्हणे विचारात बुडालेले असतात! ताता, तुमचा कागद माझ्या गठ्ठ्यात सरकवला असता, तर मला वेगळा काढता आला नसता.

बनपाव केले होते. मीच खाल्ले.

आपली आठ्यावाली,
लितिया

लेवुका, १४ नोव्हेंबर

चि. लितियास आशीर्वाद.

 जोसेफा सरांनी मला काय शिकवलं ते दोन दिवस आठवत बसलो. नुसते रग्बीचे निकाल आठवले.

मग पेटीची चावी असते त्या माइकाकडे गेलो. त्याला म्हटलं की माझा कागद काढून दे, त्यावर माशाच्या तेलाचा डाग आहे, लगेच सापडेल. तो हसत सुटला. म्हणाला की आजोबा, या गावात कोणाच्या कागदावर नाही?

म्हणून आता वर्ग चालवणाऱ्या मोठ्या साहेबांना अर्ज लिहिलाय. तीन गुण मी दिले, माझी चूक झाली, बाईंनाच ठेवा. खाली पूर्ण नाव घातलंय. एरवी असा कागद तपासायला बाईंकडेच नेला असता. आता कुठल्या तोंडाने नेऊ? सोबत पाठवतोय, तूच तपास. वाटेल तेवढी लाल शाई वापर, अकरा वेळा लिहायची मला सवय आहे. पेटी एकवीस तारखेला उघडणार. त्याआधीच्या बोटीने परत पाठव. मी रोज धक्क्यावर जाऊन बसतो. लवकर कळव गं.

तुझा बाप,
आपेनिसा